थकवा आणि चालणे

कावीळ म्हटली की रोग्याने खाट सोडू नये, अशी समजूत आमच्या पांढुर्णा-सौंसरकडील कित्येक घरांत आहे. हिपॅटायटीस-सीच्या उपचारात मात्र ती नडते.

पूर्वी या रोगावर इंजेक्शने असत. सहा महिने ते वर्षभराच्या त्या उपचाराने माणूस गळून जाई. आता बहुतेकांना 12 आठवड्यांच्या गोळ्या पुरतात व 100 पैकी 90 हून अधिक रोगी बरे होतात. 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी उपचार केंद्रांत त्या मोफत मिळतात.

तरीही थकवा येतो. तो आळस नव्हे. घरच्यांनी बोल लावू नये. परंतु सतत पडून राहिल्याने स्नायू दुबळे होऊन थकवा वाढतोच. म्हणून उन्हे चढण्यापूर्वी संत्र्याच्या बागेच्या बांधापर्यंत 10 मिनिटे, बोलता येईल अशा गतीने चालावे. सोसेल तसे वाढवावे. बरे वाटले म्हणून एकाच दिवशी सारी कामे उरकू नयेत. दुसऱ्या दिवशी अंथरूण धरावे लागते.

पायांवर सूज किंवा पोटात पाणी असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. दारू वर्ज्य करावी. चालणे एखादे दिवशी चुकले तरी चालेल, गोळी मात्र चुकवू नये, एवढीच आमची विनंती.