प्रवेशाआधी विचारायचे कोणाला?

बारावीचा निकाल लागला की आमची जुनी मुले पेढे घेऊन शाळेत येतात. दोन-तीन महिन्यांनी त्यांचे पालक येतात, ते कागद घेऊन. तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

गेल्या वर्षी एका मुलीचे अब्बा आले. फळांचा गाडा लावतात. मुलगी बी. फार्मसीच्या पहिल्या वर्षाला. “सर, मुलींची फी माफ आहे ना? मग कॉलेजवाले हिला बसत नाही असं का म्हणतात?” आम्ही विचारले, नंबर कॅप राउंडमधून लागला होता का? ते म्हणाले, “ओळखीच्या माणसाने सांगितलं, राउंडची वाट बघत बसाल तर सीट जाईल. त्याने थेट करून दिलं.”

गाठ इथेच पडली होती. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटातील मुलींना शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत हवे आणि प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षाच्या केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, झालेला हवा. मॅनेजमेंट कोटा आणि संस्थेच्या पातळीवरचे प्रवेश यात बसत नाहीत. ‘थेट करून देणारा’ माणूस हे कधी सांगत नाही. त्याला विचारण्याऐवजी सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरची माहिती पुस्तिका वाचली असती तर चार वर्षांची फी वाचली असती. अल्पसंख्याक संस्थांतील मुस्लिम कोट्याच्या जागांसाठीही कॅपच्या अर्जातच अल्पसंख्याक असल्याची नोंद करावी लागते, हे आम्ही दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी कोणीतरी विसरते.

कॉलेज खरे की खोटे, हेही घरबसल्या कळते. फार्मसीला फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता लागते, बी.एड.ला एनसीटीईची, वकिलीला बार कौन्सिलची. बाजारातल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ‘नर्सिंग’ची पाटी दिसली तर आधी नर्सिंग कौन्सिलच्या यादीत नाव शोधा. यूजीसी बोगस विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करते. त्यात नागपूरच्या राजा अरेबिक युनिव्हर्सिटीचे नाव वर्षानुवर्षे आहे. अरबी नाव पाहून आपली माणसे डोळे मिटून विश्वास ठेवतात, म्हणून मुद्दाम सांगितले. खासगी व्यावसायिक कॉलेजने किती फी घ्यायची ते राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. कॉलेजनिहाय आकडा त्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. तो छापून खिशात ठेवा, मग फी भरायला जा.

पण खरी अडचण कागदांची आहे, आणि ती बारावीला नव्हे, पहिलीला सुरू होते. बागवान, तांबोळी, पिंजारी, मोमीन अशा आपल्या कितीतरी बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. मात्र शाळेत नाव घालताना जातीच्या रकान्यात नुसते ‘मुसलमान’ लिहिले जाते. आम्ही शिक्षकही त्यात दोषी आहोत. घाईत विचारतच नाही. पुढे जातीच्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, तेव्हा दादा-परदादांची नोंद शोधत फिरावे लागते. ती जुन्या शाळेच्या जनरल रजिस्टरात सापडते किंवा गावच्या कोतवाल बुकात. मोडीत किंवा उर्दूत असेल तर तिचे भाषांतर करून घ्यावे लागते. त्यानंतर जात पडताळणी आणि नॉन क्रीमी लेअर. याला महिने लागतात. मूल शाळेत आहे तोवर रजिस्टरातील नोंदीची दुरुस्ती शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीने होऊ शकते, शाळा सोडल्यावर तीच गोष्ट फार अवघड होते. शेख, सय्यद, पठाण म्हणून जे खुल्या गटात आहेत त्यांनाही ईडब्ल्यूएसचा दाखला मागता येतो. हे ऐकून कित्येक पालक आमच्याकडे अविश्वासाने पाहतात.

शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर भरायचे, केंद्राचे नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या याद्या जपून वाचा. पीएच.डी.साठीची मौलाना आझाद फेलोशिप २०२२-२३ पासून नव्याने दिली जात नाही, तरी तिचा मेसेज अजून फिरतो. राज्याच्या मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडे शैक्षणिक कर्ज आहे. व्याजाचा मसला ज्या त्या घराने आलिमांना विचारून ठरवावा. आमचे म्हणणे एवढेच की आधी फीमाफी आणि शिष्यवृत्तीचा हक्क पुरता वापरा, कर्जाचे नंतर बघा.

त्या मुलीची फी अब्बा हप्त्याने भरत आहेत. तिचा धाकटा भाऊ आमच्याकडे नववीत आहे. रमजाननंतर अब्बा गावी जाऊन कोतवाल बुकाचा उतारा घेऊन आले. परदादांच्या नावापुढे ‘बागवान’ असे स्वच्छ लिहिले आहे. मुलाच्या रजिस्टरातील दुरुस्तीचा प्रस्ताव आम्ही त्याच आठवड्यात पाठवला.