मुक्तस्रोत आज्ञावलीची प्रकाशनयोग्यता : डेबियन प्रकल्पाचे उदाहरण

एखादा ग्रंथ छापून बाहेर पडला म्हणजे त्यात मुद्रणदोष उरलेला नाही, असे कोणी समजत नाही. शेवटी शुद्धिपत्र जोडलेले असते आणि वाचक ते चालवून घेतो. संगणकाच्या आज्ञावलीची स्थिती तत्त्वतः याहून निराळी नाही. मग ती लोकांच्या हाती देण्यास योग्य झाली, हे कोणी आणि कशावरून ठरवावयाचे? व्यापारी संस्थेत या प्रश्नाचा निकाल पुष्कळदा करारातील मुदतच लावून टाकते. मुक्तस्रोत प्रकल्पात बहुतेक काम स्वयंसेवक करीत असल्यामुळे तशी मुदत नसते, आणि निर्णय सर्वांसमक्ष घ्यावा लागतो. डेबियन प्रकल्पाचा इतिहास या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे.

१९९३ मध्ये इअन मर्डॉक यांनी आरंभिलेला हा प्रकल्प मुख्यतः लिनक्सच्या गाभ्यावर उभारलेली संपूर्ण संगणकप्रणाली सर्वांना मुक्तपणे उपलब्ध करून देतो. अपुऱ्या कामाच्या प्रकाशनाचा चटका त्याला लवकरच बसला. १९९५ च्या अखेरीस एका तबकडी-विक्रेत्याने प्रणालीची अर्धवट अवस्थेतील प्रत १.० या क्रमांकाने विकावयास काढली. प्रकल्पाला तो क्रमांकच सोडून द्यावा लागला, आणि जून १९९६ मधील आवृत्ती १.१ या क्रमांकाने निघाली. ‘तयार होईल तेव्हा’ हे प्रकल्पाचे सूत्र पुढे सर्वपरिचित झाले.

परंतु ‘तयार’ या शब्दाला मोजता येईल असा अर्थ द्यावा लागतो. डेबियनमध्ये नवे पॅकेज प्रथम ‘अस्थिर’ शाखेत येते. काही दिवस, साधारणतः दोन ते दहा, ते तेथे राहिले व त्यात नवा गंभीर दोष आढळला नाही, तर ते ‘चाचणी’ शाखेत जाते. याच शाखेतून पुढे ‘स्थिर’ आवृत्ती निघते. कळविल्या गेलेल्या प्रत्येक दोषाला श्रेणी दिली जाते. संपूर्ण यंत्रणा बिघडविणारा, माहितीचा नाश करणारा, सुरक्षिततेला खिंडार पाडणारा, पॅकेज निरुपयोगी करणारा किंवा प्रकल्पाच्या नियमांचा गंभीर भंग करणारा दोष प्रकाशन अडवितो. बाकीचे दोष, मग त्यांची संख्या कितीही असो, अडवीत नाहीत. तयारी म्हणजे दोषांचा अभाव नव्हे, तर विशिष्ट जातीच्या दोषांचा अभाव, हा या व्यवस्थेचा गाभा होय.

या शुद्ध तत्त्वाची किंमत २००२ नंतर दिसून आली. ३.० ही आवृत्ती जुलै २००२ मध्ये निघाली, त्यानंतरची ३.१ जून २००५ मध्ये, म्हणजे जवळजवळ तीन वर्षांनी. दरम्यान पॅकेजांची संख्या सुमारे ८,५०० वरून १५,४०० वर गेली होती. येथे एक चक्र सुरू होते : विलंब होतो म्हणून प्रत्येक जण आपले नवे काम याच आवृत्तीत घालू पाहतो, नव्या कामाबरोबर नवे दोष येतात, आणि विलंब आणखी वाढतो. वापरणाऱ्याच्या हाती तोवर जुनीच प्रणाली राहते, आणि नवे यंत्र ती ओळखेनाशी होते. हा विलंबही एक दोषच होता. मात्र दोषांच्या यादीत त्याची नोंद कोठेच नव्हती. डेबियनवरच आधारलेल्या उबुंटूने ऑक्टोबर २००४ पासून सहामाही प्रकाशनाचा क्रम सुरू केला, तेव्हा हे वैगुण्य अधिकच डोळ्यांत भरले.

जुलै २००९ मध्ये डेबियनने जाहीर केलेला उपाय विचारपूर्वक योजलेला होता. प्रकाशनाची नव्हे, तर गोठवणीची तारीख आधी ठरवावयाची; म्हणजे दर दोन वर्षांनी अमुक दिवसानंतर नवे काम घ्यावयाचे नाही, केवळ दुरुस्त्या घ्यावयाच्या. पहिलीच तारीख, डिसेंबर २००९, प्रकल्पांतर्गत विरोधामुळे लगेच मागे घ्यावी लागली, आणि गोठवण ऑगस्ट २०१० मध्ये झाली. स्वयंसेवकांवर वेळापत्रक लादणे किती अवघड, हे त्यावरून कळते. ती आवृत्ती फेब्रुवारी २०११ मध्ये निघाली. पुढच्या खेपेस गोठवणीपासून प्रकाशनापर्यंत, जून २०१२ अखेरपासून मे २०१३ पर्यंत, दहा महिने गेले. तारीख पाळली गेली ती थांबण्याची. ‘तयार होईल तेव्हा’ हे सूत्र अबाधित राहिले. २०१५ पासून २०२५ पर्यंत मात्र दर दोन वर्षांनी एक याप्रमाणे सहा आवृत्त्या निघाल्या आहेत.

तथापि, यादी आपोआप शून्यावर येत नाही, आणि येथेच माणसाच्या निर्णयास अवसर आहे. ज्या पॅकेजावर इतरांचा भार नाही त्यातील गंभीर दोष वेळेत न सुटल्यास ते पॅकेजच ‘चाचणी’ शाखेतून काढले जाते. त्यामागे कोणाची अनेक वर्षांची मेहनत असली तरी हा नियम लागू होतो. जे काढता येत नाही, त्याच्या बाबतीत प्रकाशन-मंडळ विशिष्ट दोषावर ‘या आवृत्तीपुरता दुर्लक्षित’ अशी खूण करू शकते. दोष गेलेला नसतो. तो असूनही आवृत्ती बाहेर पडावी, असे मंडळाने ठरविलेले असते, आणि ती खूण कोणालाही पाहता येते. प्रकाशनानंतर साधारणतः दर दोन महिन्यांनी दुरुस्ती-आवृत्त्या निघतात. असे काही दोष त्यांत सुटतात, काही पुढच्या आवृत्तीच्या यादीत जातात.