गावाचं लीड

"तात्याचं घर अजून आलं न्हाई," टेबलावरचा पोरगा यादीवरून पेन्सिल फिरवत म्हणतो. घर म्हणजे सहा मतं. शेजारचा लगेच गाडी काढतो.

करवीर मतदारसंघातल्या या गावात आज, २० नोव्हेंबर २०२४ ला, विधानसभेचं मतदान आहे. शाळेपासून लांब, दूध संस्थेपुढं एक टेबल आणि सेवा सोसायटीच्या कट्ट्यावर दुसरं. एकावर धनुष्यबाण, दुसऱ्यावर पंजा. पण सकाळपासून माझ्या कानावर पक्षाचं नाव पडलेलं नाही. हे नरके गटाचं टेबल, ते पी. एन. गटाचं. २०२२ मध्ये शिवसेना फुटली, दिल्ली-मुंबईत उलथापालथ झाली. इथली माणसं ज्या कट्ट्यावर बसत होती त्याच कट्ट्यावर बसलेली आहेत. नरके म्हणजे कुडित्र्याचा कुंभी-कासारी कारखाना, पी. एन. म्हणजे परित्याचा भोगावती. ऊस कुठं जातो, सोसायटीचं कर्ज कुणाच्या सहीनं मिळतं, 'गोकुळ' दूध संघाच्या निवडणुकीला दूध संस्थेचा ठराव कुणाच्या नावानं होतो, यावर घराचा गट ठरतो आणि तो बापाकडून पोराकडं येतो. पी. एन. पाटील मे महिन्यात गेले. आता त्यांचे चिरंजीव राहुल पाटील उभे आहेत, समोर चंद्रदीप नरके. २०१४ साली याच मतदारसंघात नरके ७१० मतांनी निवडून आले होते. सगळ्या बूथांवर ते मताधिक्य वाटलं तर एकेका बूथाच्या वाट्याला जेमतेम दोन-चार मतं येतात. म्हणून पुण्याच्या कंपनीतली पोरं रात्रीत गाड्या करून आलेली आहेत, आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला खुर्चीसकट उचलून आणलं जातंय.

वर्गखोलीत पहिला अधिकारी मतदाराचं नाव मोठ्यानं वाचतो. भिंतीकडंच्या बाकावर दोन्ही गटांचे एजंट मान खाली घालून आपापल्या यादीवर खूण करतात. दोघं एकाच भावकीतले. तोतया मतदार ओळखायचा, हे त्यांचं खरं काम. पण हजाराच्या आतबाहेर मतदार असलेल्या गावात तोतया येणार कुठून? इथं प्रत्येक चेहऱ्याचं घर ठाऊक, घराचा गट ठाऊक, सुनेचं माहेर कुठल्या गटातलं तेही ठाऊक. डाव्या तर्जनीला शाई लागते, बाई पुठ्ठ्याच्या आडोशामागं जाते. मताची चिठ्ठी काचेमागं सात सेकंद दिसते आणि खाली पडते. यंत्राचा लांब आवाज येतो. एवढा वेळ ती कुणाची सून नसते, कुणाच्या गटाची नसते.

बाहेर चिंचेखाली बायकांचा घोळका आहे. बोलणं 'लाडकी बहीण' योजनेच्या महिन्याच्या दीड हजारावर. पाच हप्ते जमा झालेत. एक मावशी ठणकावून सांगते, "ह्येंच्या खात्यावर न्हाई, माज्या खात्यावर आल्यात." एकजण महागाई काढते, दुसरी तेलाच्या डब्याचा भाव सांगते. कुणी कुणाला मत दिलं, ते एकही बाई बोलत नाही. टेबलावरच्या यादीत मात्र त्या अजून घराच्या ओळीतच आहेत, कारभाऱ्याच्या नावाखाली धरलेल्या.

मला खटकतं ते याच्या पुढचं. एका माणसाचं मत गुपित राहतं, गावाचं राहत नाही. मोजणीला प्रत्येक केंद्राचं यंत्र वेगळं उघडतं, आकडा वेगळा वाचला जातो, एजंट तो लिहून घेतात, आणि संध्याकाळपर्यंत गावानं लीड दिलं की गाव मायनस गेलं, हे तालुक्याला कळतं. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा अनेक पेट्यांतली मतं मोजणीआधी एकत्र मिसळायची सोय होती. चौदा यंत्रांची बेरीज एकदम दाखवणाऱ्या 'टोटलायझर'चा प्रस्ताव निवडणूक आयोगानं २००८ साली दिला, विधी आयोगानं २०१५ च्या अहवालात तो उचलून धरला, केंद्र सरकारनं मान्य केला नाही. कार्यकर्त्यांची जबाबदारी ठरवायला बूथचा आकडा लागतो, असं पक्षाची माणसं म्हणतात. ती जबाबदारी शेवटी कुणावर येते, हे बघायचं असेल तर इथं यावं. रस्ता रखडला, गटार तुंबलं, सभामंडप दुसऱ्या गावाला गेला की लोक आधी बूथचा आकडा आठवतात आणि मग एकमेकांच्या घराकडं बघतात. शहरातल्या माणसाला हा धाक कळणार नाही. मला तो भयंकर वाटतो.

सहा वाजतात. फाटक बंद होतं. आतल्या रांगेतल्यांना चिठ्ठ्या वाटल्या जातात. ते मतदान झाल्यावर केंद्राध्यक्ष यंत्र बंद करतात आणि एकूण मतांच्या नोंदीची, सतरा-क ची, प्रत एजंटांच्या हातात देतात. कट्ट्यावर आकडेमोड सुरू होते. मी दोन्ही टेबलांवर जाऊन ऐकतो. दोघांनी आपली म्हणून धरलेली मतं मिळवली तर झालेल्या मतदानापेक्षा जास्त भरतात. कुणीतरी दोघांनाही 'व्हय' म्हटलेलं आहे.

"पन्नासेक मतं हिकडची तिकडं झाल्यात," पेन्सिलवाला म्हणतो.

"बायकांची असतील."

"मग घरात इचारा की."

"आन् घरात सांगंल कोण? शनिवारी आकडा आल्यावर कळंलच," असं म्हणून पेन्सिलवाला यादी पहिल्या पानापासून पुन्हा बघायला घेतो.