एका फ्रँकची दोन नाणी

बेल्जियमची नाणी जमवायची तर खिसा थोडा सैल हवा. वर्ष तेच, किंमत तीच, धातूही तोच, तरी नाणं दोनदा घ्यावं लागतं: एक फ्रेंच मजकुराचं, एक डच. जोडी पूर्ण नसेल तर अल्बममधला रिकामा कप्पा डोळ्यांत खुपत राहतो.

सुरुवातीला असं नव्हतं. १८३० साली देश स्वतंत्र झाला आणि १८३२मध्ये फ्रँक आला, तेव्हा कारभार फ्रेंच बोलणाऱ्यांच्या हाती होता. उत्तरेकडच्या फ्लांडर्समध्ये लोक डच बोलत, पण नाण्यांवर त्यांच्या भाषेला जागा नव्हती. म्हणून राजा दुसऱ्या लिओपोल्डचं चांदीचं देखणं पाच फ्रँकचं नाणं फक्त फ्रेंचमध्येच मिळतं. पुढे या डच भाषकांच्या फ्लेमिश चळवळीचा जोर वाढला आणि १८८६च्या सुमारास डच मजकुराची नाणी पाडली जाऊ लागली. तिथून टांकसाळीत एकाच नाण्याचे दोन साचे आले.

खरी गंमत युद्धकाळातल्या जस्ताच्या नाण्यांत आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या एक फ्रँकवर देशाचं नाव दोन्ही भाषांत आहे, पण तरीही नाणी दोन प्रकारची! एकावर फ्रेंच नाव आधी, दुसऱ्यावर डच. जर्मनांच्या ताब्यातल्या देशातही हा मानापमान सुटला नाही. १९४४चं दोन फ्रँकचं नाणं तर अमेरिकेत, फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत पाडलं गेलं. तिथल्या १९४३च्या सेंटसाठीच्या जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी चकत्या उरल्या होत्या, त्याच वापरल्या. हे नाणं लोहचुंबकाला चिकटतं.

१९६०मध्ये राजा बोदुएँच्या लग्नानिमित्त काढलेल्या पन्नास फ्रँकवर सरकारने सरळ लॅटिन मजकूर घातला. तिथे कोण कुरकुरणार?

नवख्याने सोन्याच्या वीस फ्रँकच्या मागे लागू नये, असं माझं मत आहे. त्यात पैसा जातो, गोष्ट फारशी हाती लागत नाही. जस्ताची जोडी आणि ते पोलादी नाणं आधी घ्या. आणि मळलेलं नाणं कधीही घासू नका. चकाकी येते, पण जाणकार त्याला हात लावत नाहीत. फ्रँकची नाणी युरोत बदलून देण्याची मुदत ३१ डिसेंबर २००४ रोजी संपली, त्यामुळे बँकेच्या लेखी त्यांची किंमत आता शून्य आहे.