ख्यातीची मुदत

सेंट लुईसच्या व्यापाऱ्यांनी १९२७ साली एका तरुण वैमानिकावर विश्वास टाकला. चार्ल्स लिंडबर्ग यांचे स्वतःचे २,००० डॉलर आणि व्यापाऱ्यांच्या हमीवर बँकेने दिलेले कर्ज, असे भांडवल उभे राहिले. वजन वाचविण्यासाठी लिंडबर्ग यांनी रेडिओ व हवाई छत्रीदेखील वगळली आणि साडेतेहतीस तासांत न्यूयॉर्कहून एकट्याने पॅरिस गाठले.

तीस वर्षांनी, १९५७ साली, वॉर्नर ब्रदर्सने या उड्डाणावर ‘द स्पिरिट ऑफ सेंट लुईस’ हा चित्रपट प्रदर्शित केला. दिग्दर्शक बिली वाइल्डर. खर्च सुमारे ६० लाख डॉलर. विमानाच्या हुबेहूब प्रतिकृती उभारण्यात आल्या. पंचविशीतील लिंडबर्ग साकारले ते सत्तेचाळीस वर्षांच्या जेम्स स्ट्युअर्ट यांनी. चित्रपट देखणा झाला. गल्ला मात्र रिकामाच राहिला. नव्या पिढीला लिंडबर्ग कोण, हेच ठाऊक नव्हते! अखेर चित्रपटात नसलेल्या टॅब हंटर या तरुणप्रिय नटाला प्रचारदौऱ्यावर धाडण्याची वेळ कंपनीवर आली.

वाडवडिलांनी मिळविलेले नाव हे पेढीचे भांडवल खरे. परंतु त्याची ओळख प्रत्येक पिढीला नव्याने करून द्यावी लागते.