अमरावतीला जायचंय, मग तिकीट बडनेऱ्याचं का? वऱ्हाडात फिरायला येताय तर हे आधी वाचा

मुंबईहून नागपूरकडे जाणारी गाडी पकडायची, अमरावतीला उतरायचं आणि दुसऱ्या दिवशी चिखलदरा. प्लॅन एकदम सोपा वाटतो. पण तिकीट काढायला बसलं की गडबड सुरू होते. नागपूरला जाणाऱ्या गाड्यांच्या यादीत अमरावती सापडतच नाही. सापडतं ते बडनेरा. काही जण वैतागून थेट नागपूरचं तिकीट काढतात आणि तिथून दीडशे किलोमीटर उलटे येतात. काही जण बडनेऱ्याला उतरतात, पण ते शहर समजून तिथेच हॉटेल शोधत बसतात.

तर विषय असा आहे, की अमरावती हे विभागाचं मुख्यालय असलं तरी मुंबई-नागपूर-हावडा या मुख्य रेल्वेमार्गावर नाही. मुख्य मार्गावर आहे बडनेरा. तिथून साधारण 10 किलोमीटरचा एक फाटा अमरावतीत येतो आणि तिथेच संपतो.

असं का झालं?

कापसामुळे. 1853 मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस सोन्यासारखा वाटू लागला. त्याच दशकात मुंबईहून निघालेली रेल्वे वऱ्हाड ओलांडून 1867 मध्ये नागपूरला पोहोचली. ही लाइन अकोल्यातून गेली, पण कापसाच्या दोन मोठ्या बाजारपेठा, अमरावती आणि खामगाव, बाजूला राहिल्या. म्हणून 1870 च्या सुमारास दोन छोटे फाटे टाकले गेले, बडनेरा-अमरावती आणि जलंब-खामगाव. कापसाच्या गाठींसाठी केलेली ही सोय दीडशे वर्षांनंतरही प्रवाशांचं वेळापत्रक ठरवते आहे.

मग नेमकं कुठे उतरायचं?

आधी स्टेशनांची नावं नीट बघा. अमरावतीचा कोड एएमआय, बडनेऱ्याचा बीडी. मुंबईहून रात्री निघणारी अमरावती एक्सप्रेस सकाळी थेट शहरात आणून सोडते. सुरत आणि तिरुपतीच्या गाड्याही अमरावतीहून सुटतात. बाकी बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी बडनेराच. शिवाय नरखेड मार्गावर 'नवी अमरावती' नावाचं तिसरं स्टेशन आहे, ते मुख्य स्टेशनपासून दूर. आणि हो, आंध्र प्रदेशातही अमरावती आहे. ऑनलाइन हॉटेल बुक करताना राज्याचं नाव तपासा, पैसे भरल्यावर कळून उपयोग नाही.

बडनेऱ्याला दिवसा उतरलात तर काहीच अडचण नाही. बाहेर ऑटो असतात, शहराकडे बसही मिळते. खरी पंचाईत होते ती पहाटे अडीच-तीनला उतरणाऱ्यांची. परीक्षेला आलेली एकटी मुलगी असो, नाहीतर म्हाताऱ्या आईवडिलांना देवदर्शनाला घेऊन निघालेलं कुटुंब. अंधारात 10 किलोमीटर जायचं असतं आणि भाडं ठरतं समोरच्याच्या मर्जीवर. अशा वेळी उजाडेपर्यंत स्टेशनवरच्या प्रतीक्षालयात थांबणं किंवा हॉटेलवाल्याला आदल्या दिवशीच फोन करून गाडी सांगून ठेवणं बरं. भाडं बसण्याआधी ठरवा आणि ते 'सीटचं' की 'पूर्ण ऑटोचं' हेही विचारा. इथे रिक्षा कुणी म्हणत नाही, ऑटोच म्हणतात. 'भाऊ, राजकमलले किती घ्याल जी?' एवढं जमलं तरी काम होतं.

16 एप्रिल 2025 पासून बेलोरा विमानतळावरून मुंबईसाठी विमानसेवा सुरू झाली आहे. मात्र रोज उड्डाण आहे असं गृहीत धरू नका, वेळापत्रक बघूनच सुट्टी टाका. अकोल्याला शिवणीत धावपट्टी आहे, पण तिथे नियमित प्रवासी विमान येत नाही.

शहरात काय बघाल?

अमरावतीचा जुना भाग पायी बघण्यासारखा आहे. पेंढाऱ्यांपासून इथल्या सावकार-व्यापाऱ्यांना वाचवण्यासाठी 1807 मध्ये निजाम सरकारने शहराभोवती तट बांधायला घेतला. त्याला 5 दरवाजे आणि 4 खिडक्या. अंबागेट, जवाहरगेट, नागपुरी गेट ही नावं आजही ऑटोवाल्याच्या तोंडी आहेत. एका खिडकीचं नाव खुनारी. 1818 मध्ये तिच्याजवळ झालेल्या मारामारीत 700 माणसं मारली गेली, त्यावरून हे नाव पडल्याची नोंद जुन्या गॅझेटिअरमध्ये आहे. तट पाहत फिरताना लक्षात येतं, की याला वारसा म्हणून जपण्याची फारशी घाई कुणाला नाही.

गांधी चौकाजवळ अंबादेवी आणि एकवीरादेवीची मंदिरं आहेत. कृष्णाने रुक्मिणीचं हरण केलं ते अंबादेवीच्या मंदिरातून, अशी श्रद्धा आहे. तिचं माहेर मानलं जाणारं कौंडण्यपूर याच जिल्ह्यात वर्धा नदीकाठी आहे. गाडगेबाबांची समाधी शहरातच गाडगेनगरात, तर तुकडोजी महाराजांची नागपूर रस्त्यावर गुरुकुंज मोझरीला.

खाण्याचं एक सांगायला हवं. हॉटेलात 'सांबारवडी' दिसली तर इडलीसोबतचं सांबार डोक्यात आणू नका. वऱ्हाडात सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्या-मुंबईचे लोक इथे हमखास फसतात. गिला वडा मात्र फसवत नाही, तो खाऊनच पुढे निघा.

चिखलदरा आणि गेलेली शकुंतला

चिखलदऱ्याला रेल्वे नाही. अमरावतीहून एसटीने परतवाडा आणि तिथून घाट. वर गेल्यावर भीमकुंड, देवी पॉइंट, गाविलगड ही ठिकाणं एकमेकांपासून लांब आहेत, त्यामुळे स्वतःची गाडी नसेल तर तिथली जीप ठरवावी लागते. परतीची शेवटची बस किती वाजता, हे उतरल्या उतरल्या चौकशी खिडकीवर विचारा. पावसाळ्यात धुकं इतकं असतं, की पॉइंटवर उभं राहून पॉइंट दिसत नाही. तरी गर्दी तेव्हाच सगळ्यात जास्त.

परतवाड्याला लागूनच असलेल्या अचलपूरला कधीकाळी रेल्वेने जाता यायचं. मूर्तिजापूर-अचलपूर ही 76 किलोमीटरची नॅरोगेज, म्हणजेच शकुंतला. तिचा दुसरा फाटा यवतमाळला जायचा. खासगी ब्रिटिश कंपनीची लाइन म्हणून ती बातम्यांत गाजली, पण गावोगावच्या लोकांसाठी तो सगळ्यात स्वस्त प्रवास होता. आता दोन्ही फाटे बंद आहेत. ब्रॉडगेजची मागणी जुनी आहे आणि लोक अजून ती लावून धरून आहेत.

अकोला थोडं सोपं का आहे?

कारण स्टेशन शहरातच आहे. बडनेऱ्याहून रेल्वेने साधारण 80 किलोमीटर, म्हणजे तास-सव्वा तास. रस्त्याने आलात तर याच महामार्गावर जून 2022 मध्ये 75 किलोमीटर डांबरी पट्टा 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला होता.

मोर्णेच्या काठी 1697 चा असदगड आहे, जुन्या शहरात राजराजेश्वर मंदिर. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर आणणारी कावड यात्रा निघते. ती बघायची असेल तर मुद्दाम या. नसेल बघायची, तर त्या दिवशी शहरातून गाडी काढायचा विचार सोडा.

बाळापूरचा किल्ला आणि मिर्झाराजे जयसिंगांची छत्री महामार्गालगतच आहे, अर्ध्या दिवसात होते. नरनाळ्यासाठी मात्र पूर्ण दिवस ठेवा. अकोला-अकोट रेल्वे 2022 च्या अखेरीस पुन्हा सुरू झाली, पण अकोटच्या पुढे वाहन लागतंच. किल्ला मेळघाटच्या जंगलात असल्याने वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून आत सोडतात, म्हणून सकाळीच पोहोचलेलं बरं. पूर्वी हीच मीटरगेज अकोटवरून मेळघाटातून खंडव्याला जायची. 2017 च्या सुरुवातीला ती गेज बदलासाठी बंद झाली, आणि नवी लाइन वाघांच्या जंगलातून न्यायची की वळसा घालून, यावर बरीच वर्षं वाद चालला.

एसटीनेच फिरणार असाल तर खर्च बराच वाचतो. मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, 75 वर्षांवरच्यांना मोफत. 4 किंवा 7 दिवसांचा 'आवडेल तेथे प्रवास' पास काढला की रोज तिकिटाची झंझट नाही. ज्येष्ठांनी आधार कार्ड जवळ ठेवावं, कंडक्टर मागतो. आणि एप्रिल-मेमध्ये येणार असाल तर दुपारी 12 ते 5 बाहेर पडायचं नाही. अकोल्यात पारा 45 च्या वर जाणं ही इथे बातमीसुद्धा नसते.