जड झाली तरी चालेल, सरळ पळाली पाहिजे!

अमेरिकेतल्या युटा राज्यात, वेंडोव्हर गावाच्या शेजारी, बॉनविलचं मिठाचं मैदान आहे. एक प्रचंड प्राचीन सरोवर आटलं आणि मागे हे मैदान राहिलं. झाड नाही, वळण नाही, स्पीडब्रेकर तर नाहीच नाही. १९४९ पासून इथे ऑगस्टमध्ये ‘स्पीड वीक’ भरतो आणि देशोदेशीचे वेगवेडे आपापल्या गाड्या घेऊन येतात. यातल्या कितीतरी गाड्यांनी कारखान्याचं तोंडही पाहिलेलं नसतं. घरामागच्या शेडमध्ये पोलादी नळ्या कापायच्या, वेल्डिंग करून सांगाडा उभा करायचा, त्यात इंजिन बसवायचं, उरलेल्या जागेत माणूस कोंबायचा आणि वरून पत्रा चढवायचा. झाली गाडी! निदान सांगताना तरी इतकं सोपं वाटतं.

वजन? येऊ द्या की!

शर्यतीची गाडी म्हटली की ती हलकीफुलकी हवी, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. बॉनविलला उलटा कारभार. इथे वळणं नाहीत, वेग पकडायला मैलोन् मैल मोकळे आहेत, त्यामुळे शंभर-दोनशे किलो जास्त झाले म्हणून कुणी रडत नाही. खरी रड असते ती चाकांच्या पकडीची. मीठ निसरडं. जोर दिला की चाकं जागच्या जागी घसरायला लागतात. मीटरवरचा आकडा चढत राहतो आणि गाडी मात्र तेवढी पुढे जात नाही. म्हणून चाकाचे फेरे आणि जीपीएसवरचा खरा वेग ताडून बघतात, आणि तफावत फार दिसली तर चक्क वजन वाढवतात. शिशाचे ठोकळे आणून फ्रेमला बोल्टने आवळतात!

पण सगळा भार मागे टाकूनही चालत नाही. बॅडमिंटनचं फूल कसंही मारा, बुचाची जड बाजू पुढे करूनच ते उडतं. गाडीचाही भार पुढे आणि वाऱ्याची पकड मागे असली की ती नाकासमोर जाते. हे गणित उलटं झालं तर ताशी पाचशे किलोमीटरच्या वेगात शेपूट पुढे यायला बघते, आणि मग पुढचं सांगायला चालकाला फुरसत मिळत नाही.

एकदा वजनाची धास्ती संपली की कार्बन फायबरचे नखरे कशाला? साधी पोलादी नळी स्वस्त, कापायला सोपी, आणि मोडली तर तिथल्या तिथे जोडता येते. हौशी माणसाला या खेळात शिरकाव मिळाला तो तिच्यामुळेच, असं माझं स्पष्ट मत आहे.

पोकळ, पण सहापट ताठ

४० मिलिमीटर व्यासाची, ३ मिलिमीटर जाडीची पोलादी नळी घ्या. मीटरभर लांबीचं वजन पावणेतीन किलोच्या आसपास. तेवढ्याच वजनाची भरीव सळई घ्यायची तर ती जेमतेम २१ मिलिमीटरची होईल. आता दोन्ही वाकवून बघा: नळी सळईपेक्षा सहापट ताठ! वाकायला विरोध करतं ते मध्यापासून लांब असलेलं लोखंड. मधलं लोखंड नुसतं वजन वाढवतं.

आता एक गोष्ट, जिच्यावरून वर्कशॉपमध्ये हमखास वाद होतात. महागडं क्रोमोली पोलाद साध्या पोलादापेक्षा जास्त ताठ असतं का? नाही. मजबूत असतं, म्हणजे कायमचं वाकायला किंवा तुटायला जास्त जोर लागतो. पण मापं तीच असतील तर ताठपणा जवळजवळ तितकाच. फ्रेम लवलवते म्हणून क्रोमोली आणणाऱ्याचे पैसे पाण्यात. त्याने एक तिरकी नळी वाढवावी. चौकोन दाबला की कलतो. त्यात कर्ण टाकून दोन त्रिकोण केले की हलायचं नाव घेत नाही.

आपल्याकडे बाहा स्पर्धेसाठी गाडी बांधणाऱ्या इंजिनिअरिंगच्या पोरापोरींना हे तोंडपाठ असतं. बॉनविलच्या गाड्यांत चालकाभोवतीच्या पिंजऱ्याला सुमारे ४१ मिलिमीटर व्यासाची आणि ३ मिलिमीटर जाडीची नळी सर्रास दिसते. पिंजरा कसला, तुरुंगच. बाकी गाडीचे तुकडे झाले तरी आतला माणूस शाबूत राहावा, एवढंच त्याचं काम. डोक्याजवळच्या नळीला जाड, कडक फोम गुंडाळावा लागतो. जीव वाचवणारी नळी उघडी ठेवली तर तीच हेल्मेटवर आदळते.

माशाचं तोंड आणि कागदाचा तुकडा

एक गोल नळी दुसऱ्या गोल नळीला जाऊन भिडते तेव्हा तिचं टोक सरळ कापून चालत नाही. दोन्ही बाजूंना फट राहते. टोकाला खोलगट बाक द्यावा लागतो. वेल्डर त्याला फिशमाउथ म्हणतात, कारण ते दिसतंच मासा तोंड उघडून बसल्यासारखं. होल-सॉ लावलेलं यंत्र असेल तर काम पटकन होतं. नसेल तर जुनी युक्ती: बाकाचा नकाशा कागदावर छापायचा, कापायचा, नळीभोवती गुंडाळायचा, कडेने पेन्सिल फिरवायची आणि ग्राइंडरने हळूहळू खात जायचं. बसवून बघायचं, पुन्हा घासायचं, पुन्हा बसवायचं. टिग वेल्डिंग करायचं तर फट केसभर चालते, बोटभर नाही. एका सांगाड्यात असे कितीतरी सांधे. हौस कुठे संपते आणि सक्तमजुरी कुठे सुरू होते ते इथे कळतं.

मग आधी सगळी फ्रेम नुसते टाके मारून उभी करायची. सलग वेल्डिंग करायचं नाही, कारण वेल्ड थंड होताना आकसतो आणि नळीला आपल्याकडे ओढतो. डावीकडचे सगळे सांधे आधी उरकले तर फ्रेमचं केळं होतं. म्हणून थोडं इकडे, थोडं तिकडे, आणि दर थोड्या वेळाने कर्ण मोजायचे. दोन्ही कर्ण सारखे आले तर फ्रेम गुण्यात आहे. आले नाहीत तर चहा प्यायचा आणि टाके कापायला घ्यायचे.

शेवटचा टाका फसफसतो त्याची कथा

दोन्ही तोंडं बंद होत आलेल्या नळीचा शेवटचा अर्धा इंच वेल्ड करताना नवखा वेल्डर रडकुंडीला येतो. वितळलेलं लोखंड बसतच नाही, बुडबुडा येऊन फुटतं. दोष त्याच्या हाताचा नसतो. नळीतली हवा तापून फुगते आणि शेवटची वाट मिळेल तिथून बाहेर पडते. जाणकार माणूस लपलेल्या जागी आधीच एक बारीक भोक पाडून ठेवतो.

भोकांचा आणखी एक किस्सा. नळी वरून जाडजूड दिसते, पण भिंत किती जाड ते कसं कळणार? अमेरिकेतल्या शर्यतींच्या तपासनिसांनी वर्षानुवर्षं साधा उपाय वापरला: पिंजऱ्याच्या नळीला छोटं भोक पाडायला लावायचं आणि जाडी मोजायची. आता अल्ट्रासाउंडचं यंत्र आलंय, भोकाशिवाय काम भागतं.

पोर्शेवाल्यांनी तर नळीतल्या पोकळीलाच कामाला लावलं. त्यांच्या ९१७ या शर्यतीच्या गाडीची फ्रेम अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांची होती आणि तिच्यात दाबाने वायू भरलेला असे. दाबमापकाचा काटा उतरला की समजायचं, कुठेतरी तडा गेला. तडा नेमका कुठे, ते मात्र शोधत बसा.

विमानाच्या टाकीत माणूस

दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या पोटाखाली जादा पेट्रोलच्या टाक्या लटकत असत. काम झालं की त्या टाकून द्यायच्या. बिल बर्क या कॅलिफोर्नियाच्या गड्याला तो निमुळता, वाऱ्याला सहज कापणारा आकार दिसला आणि त्याच्या डोक्यात गाडी शिरली. १९४६ मध्ये त्याने मस्टँग विमानाची १६५ गॅलनची टाकी घेऊन पहिली ‘बेली टँक’ गाडी बांधली. ती फारच अडचणीची निघाली, म्हणून पुढे लायटनिंग विमानाची ३१५ गॅलनची टाकी घेतली. टाकीच्या आत बसेल अशी फ्रेम, पुढे माणूस, मागे इंजिन आणि चाकं बाहेर. भंगारातून उभा राहिलेला हा प्रकार आजही ‘लेकस्टर’ नावाने एक अख्खा वर्ग म्हणून पळतो.

भाजीच्या दुकानातले ६५८ किलोमीटर

हवेचा विरोध इथला खरा शत्रू. वेग दुप्पट करायचा तर त्याच्याशी झुंजायला आठपट ताकद लागते. म्हणून गाडी अरुंद हवी. बॉब आणि बिल समर्स या भावांनी चार क्रायस्लर इंजिनं एकामागे एक ओळीने मांडली आणि ३२ फूट लांब ‘गोल्डनरॉड’ तयार केली. कुठे? कॅलिफोर्नियात, एका जुन्या भाजीच्या दुकानात! १२ नोव्हेंबर १९६५ ला तिने ताशी ४०९.२७७ मैल, म्हणजे साधारण ६५८ किलोमीटरचा विक्रम केला.

त्याआधी १९६० मध्ये मिकी थॉम्पसन चार पॉन्टियाक इंजिनांची ‘चॅलेंजर’ घेऊन ४०६.६० मैलांनी सुसाटला होता. पण जागतिक विक्रमाला दोन्ही दिशांच्या फेऱ्या तासाभरात करून सरासरी काढावी लागते. परतीला गाडीने मान टाकली. विक्रम गेला, हळहळ उरली. १९६८ मध्ये त्याने ‘चॅलेंजर २’ बांधली, तेव्हा पावसाने मैदान भिजवलं आणि गाडी बासनात गेली. मिकीचा १९८८ मध्ये खून झाला. मुलगा डॅनीने तीच गाडी बाहेर काढली, नव्याने सजवली आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये ४४८.७५७ मैलांचा विक्रम नोंदवला. गाडीचं वय पन्नास!

थांबायचं कसं?

पॅराशूटने. त्याची दोरी फ्रेमच्या शेपटाला बांधतात, पण कुठेही नाही. ओढ गाडीच्या गुरुत्वमध्याच्या उंचीतून गेली पाहिजे. दोरी फार वर बांधली तर नाक उचलायला बघतं, फार खाली बांधली तर मागची चाकं हलकी होतात.

आणि पॅराशूट तुटलंच तर? जेट इंजिनवाल्या क्रेग ब्रीडलव्हला विचारायला हवं होतं. १५ ऑक्टोबर १९६४ ला ५२६ मैलांचा विक्रम झाला आणि पॅराशूट तुटून गेलं, ब्रेक जळाले. गाडीने मैलोन् मैल घसरत जाऊन टेलिफोनचा खांब उडवला आणि खाऱ्या पाण्याच्या डबक्यात नाक खुपसलं. साहेब पोहत बाहेर आले आणि पुढच्या खेळात स्वतःला पेटवून घेईन म्हणाले.

मीठ कुणाचं नसतं

ज्या मिठावर विक्रम होतात तेच फ्रेमला खातं. प्रत्येक सांध्यात, प्रत्येक बोल्टखाली ते जाऊन बसतं, म्हणून घरी पोचल्यावर गाडी खोलून धुण्याचं काम दिवसचे दिवस चालतं. नळीचं तोंड कुठे उघडं राहिलं असेल तर आतून गंज लागतो आणि बाहेरून रंग चकचकीतच दिसतो. मिठाचाही भरवसा नाही: २०१४ आणि २०१५ या दोन्ही वर्षी मैदान खराब असल्याने स्पीड वीक रद्द झाला. गाड्या तयार, मीठ गैरहजर.

पाहिजे: ६५० मैलांचा डिझायनर

शेवटी एक ब्रिटिश नमुना. रिचर्ड नोबलने स्वतःची ट्रायम्फ गाडी विकून ‘थ्रस्ट १’ बांधली. १९७७ मध्ये ती चाचणीत उलटीपालटी झाली. तो सुखरूप, गाडी १७५ पौंडांना भंगारवाल्याकडे. मग त्याने जाहीर केलं की ताशी ६५० मैलांच्या गाडीसाठी डिझायनर हवा आहे. जॉन अ‍ॅक्रॉइड पुढे आला आणि आयल ऑफ वाइट बेटावर पोलादी नळ्यांचा सांगाडा, मधोमध लायटनिंग या ब्रिटिश जेट विमानाचं (वरच्या टाकीवाल्याचं नव्हे) रोल्स-रॉइस एव्हन इंजिन, अशी ‘थ्रस्ट २’ उभी राहिली. ४ ऑक्टोबर १९८३ ला नेवाडाच्या ब्लॅक रॉक वाळवंटात तिने ६३३.४६८ मैल, म्हणजे ताशी हजार किलोमीटरच्या वर वेग गाठला. इंजिन मधोमध म्हणून चालक एका बाजूला, आणि मग समतोलासाठी दुसऱ्या बाजूलाही तसंच कॉकपिट. त्यात एक जादा सीट होती, सोबत यायची हिंमत असेल त्याच्यासाठी.